एकपदरी

या छपराला आढं नाही, वळचण नाही,
त्यामुळे वळचणीचं पाणी आढ्याला चढायची सोयच नाही.
पाणी इथे मनाला येईल तिकडे जातं.
पूर्वेच्या पाइपापाशी शिरतं,
पत्र्याच्या पन्हळीतून निवांत चालत येतं
आणि चाळीस फुटांवर
बागकामाच्या मासिकावर टपकतं.
तीन आठवडे मी बादलीच्या बरोब्बर वर
भोक शोधत होते.

इरी शहरातली ही वाचनालयाची सगळ्यात छोटी शाखा.
सरोवरावरचा वारा आधी आमच्याकडे येतो,
पैसे सगळ्यात शेवटी.
नवीन छपराला किती, विचारलं
तर वॉल्ट काझमारेकने आकडा सांगितला नाही,
नुसती टोपी काढून डोकं खाजवलं.
"मग ठिगळ," माझ्या तोंडून मराठीतच गेलं.
त्याला शब्द आवडला.
ठिगल, ठिगल, म्हणत तो शिडी चढला.
ळ खालीच राहिला, माझ्यापाशी.

सत्तावीस वर्षं उन्हात पडलेलं काळं रबर.
एकच पदर. हात फिरवला की तळव्याला राख.
"हे वय आहे," वॉल्ट म्हणाला,
"वयावर काही चिकटत नाही."
म्हणून आधी घासणं.
साबण, ब्रश, मग डोळ्यांतून पाणी काढणारं ते द्रावण,
करडं जाऊन खालचं काळंभोर दिसेपर्यंत.
मग प्रायमर, आणि थांबणं.
बोटाला चिकटायला हवं,
पण बोटाबरोबर यायला नको, इतपत.
तोवर त्याने खिशातून तो स्क्रू काढून दाखवला:
एसीवाल्याने कधीतरी टाकलेला,
कुणाच्या तरी बुटाने रुतवलेला. एवढासा.

ठिगळाचे कोपरे कॉफीच्या डब्याच्या झाकणाने गोल आखले.
"टोकदार कोपरा आधी उचलतो."
मला उगाच माझा दीर आठवला.
मग मधून बाहेर, मधून बाहेर, छोटा रूळ.
मला वाटलं, लाटण्यासारखंच.
पण नाही. पोळीला हवा हवी असते.

उतरण्याआधी मी छपरावरची ठिगळं मोजली. एकोणीस.
प्रत्येकावर मार्करने तारीख आणि डब्ल्यू. के.
निचऱ्याच्या जाळीपाशी एकच वेगळं,
चारही कोपरे काटकोनी,
आर. डी., ऑक्टोबर २००४.
"रे डोंब्रोव्स्की," वॉल्ट म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला.
"शंभरदा सांगितलं, गोल काप.
ऐकलं नाही. मरेपर्यंत ऐकलं नाही."
त्याने बोथट सळई काढली,
कडेकडेने फिरवली, कोपऱ्यांत टोचून पाहिली.
कुठेच आत गेली नाही.
परत फिरवली.
"नालायक," तो हळूच म्हणाला
आणि त्यावरची मेपलची पानं हाताने झाडली.

मी म्हटलं, आमच्यात म्हणतात,
आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार?
त्याने मान वर केली. सरोवरावर ढग साचत होते.
माणसाला काम सांगितल्यावर तो बघतो, तसं
तो बराच वेळ बघत राहिला.
"आधी कोरडं व्हायला पाहिजे," म्हणाला.
"ओल्यावर काही धरत नाही."

बिलावर त्याने रोमन लिपीत ठिगल असंच लिहिलं, एक नग.
खजिनदारांनी फोन करून विचारलं, हे काय?
मी सांगितलं, तीन वर्षं.
देव दयाळू असेल तर पाच.

गुरुवारी रात्रभर पाऊस झाला.
सकाळी कुलूप काढून आधी मासिकांकडे गेले.
बादली मात्र अजून तिथेच आहे,
उचलायचा धीर होत नाही.
मुलं तिच्यात
वाचलेली पुस्तकं टाकून जातात.